डेरेकच्या डाव्या बाजूला

अडीच वर्षं मी अशी नोकरी केली, जिच्यात माझं स्वतःचं एकही वाक्य नव्हतं. दिल्लीतल्या एका फुटबॉल क्लबने इंग्रज कोच आणला होता. ते जे बोलतील ते खेळाडूंना हिंदीत सांगायचं आणि खेळाडू बोलतील ते त्यांना इंग्रजीत, एवढंच माझं काम. फुटबॉलमधलं मला काही कळत नव्हतं. ऑफसाइड म्हणजे काय ते मी मुलाखतीला जाताना मेट्रोत वाचलं आणि उतरेपर्यंत विसरले.

घरी कुणाचा विश्वास बसला नाही. लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये पाहुणे आले की मी आतल्या खोलीत जाऊन बसणारी. बाबा म्हणाले, हिला दारावरच्या गॅसवाल्याशी दोन शब्द बोलता येत नाहीत, हिला पंचवीस पुरुषांसमोर बोलायची नोकरी दिली कोणी? प्रश्न बरोबर होता. पण दुसऱ्याचं बोलणं बोलायला मला लाज वाटत नसे. तोंडाने ‘मी’ म्हणायचं आणि तो ‘मी’ आपला नसतो, यात केवढी सोय आहे हे लाजाळू माणसालाच कळेल.

कोचचं नाव डेरेक. सर म्हटलं की ते मागे वळून बघायचे, कोण आलं म्हणून. त्यामुळे इंग्रजीत मी त्यांना डेरेकच म्हणत असे. मराठीत साठीच्या माणसाला अरेतुरे करायला माझा हात वळत नाही, म्हणून इथे ते ‘म्हणाले’ असंच लिहिते आहे.

उत्तर इंग्लंडमधल्या एका गिरण्यांच्या गावात ते वाढले. वडील प्लंबर. तिथल्या खालच्या डिव्हिजनमध्ये काही वर्षं खेळले, कुणाच्या लक्षात राहील असं नाही, हे त्यांचेच शब्द. मग एका वर्षाच्या करारावर हाँगकाँगला गेले आणि तेव्हापासून परतले ते फक्त लग्नांना आणि मयतांना. फिनलंडमध्ये खेळले, तुर्कस्तानात खेळले, पाय थकले तेव्हा ओमान, झांबिया, मलेशियात कोच झाले. प्रत्येक देशाच्या भाषेतले पाच शब्द शिकायचे, असा त्यांचा नियम. आमच्याकडचे पाच होते: दायें, बायें, जाओ, रुको आणि चाय. मालवीय नगरच्या गेस्ट हाउसमधल्या त्यांच्या खोलीत दोन सुटकेसी कायम उघड्या असत. कपाट रिकामं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, कपाटात कपडे लावले की क्लब मला काढून टाकतो, दोनदा अनुभव घेतलाय.

त्यांना बसता येत नसे. बोलायचे तेही चालत. त्यामुळे मलाही चालत भाषांतर करावं लागे, त्यांच्या डाव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे. डाव्या बाजूला अशासाठी, की उजवा हात ते हवेत फिरवायचे आणि पहिल्याच दिवशी माझा चष्मा उडाला होता. दुसरा नियम, वाक्य संपायची वाट बघायची नाही, मागोमाग धावायचं. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. ‘सर म्हणतात’ असं कधीही म्हणायचं नाही. ते ‘मी’ म्हणाले तर मीही ‘मैं’ म्हणायचं. पाइपला स्वतःची चव असली की पाणी बिघडतं, असं त्यांनी मला सांगितलं. प्लंबरचा मुलगा.

पहिले पंधरा दिवस मला त्यांचं इंग्रजी एक तृतीयांशच कळत होतं. कॉन्व्हेंटमध्ये चौदा वर्षं शिकलेली मी, वादविवादात नाही पण निबंधात बक्षिसं मिळवलेली. आणि हा अस्सल इंग्रज माणूस शब्दांची शेवटची टोकं गिळून टाकायचा. मधल्या जागा मी अंदाजाने भरायचे. एकदा त्यांनी काय सांगितलं देव जाणे, मी म्हटलं सगळ्यांनी दोन फेऱ्या मारा, आणि सगळ्यांनी मारल्या. डेरेक बघत राहिले. नंतर म्हणाले की मी बुटांचे तळवे तपासायला सांगत होतो, पण फेऱ्यांनी नुकसान काही झालं नाही.

खरी पंचाईत शिव्यांची. डेरेकच्या एका वाक्यात सरासरी एक शिवी असे, आणि तिसऱ्या नियमाप्रमाणे ती मला ‘मैं’ म्हणून द्यायची होती. खेळाडूंना हे नेमकं कळलं होतं. डेरेक चिडले की सगळे एकदम शांत होऊन माझ्या तोंडाकडे बघायचे. आता बोलेल, आता बोलेल. मी खाली गवताकडे बघत म्हटलं, “यहाँ एक गाली है, आगे सुनिए.” त्यावर असा हशा झाला, की डेरेकना वाटलं मी विनोद सांगितला. त्यानंतर ती पद्धतच पडली. मी बोलताना मध्येच ‘एक गाली’ म्हणायचे आणि मागून रेमा, आमचा मिझोरामचा मिडफिल्डर, गंभीर चेहऱ्याने विचारायचा, “मैडम, छोटी वाली या बड़ी वाली?” रेमाला इंग्रजी चांगलं येत होतं. त्याला सगळं कळत असूनही तो उत्तराची वाट बघायचा.

क्लबच्या मालकांचं मात्र असं हसण्यावारी नेता येत नसे. ते गुडगावचे बिल्डर. मनाने मोकळे, पण फुटबॉल हा बांधकामासारखाच असतो अशी त्यांची समजूत. एकदा मैदानावर आले आणि डेरेकना सांगायला लागले की आपला गोलकीपर सहा फूट दोन इंच आहे, एवढा उंच माणूस मागे उभा करून वाया का घालवता, पुढे खेळवा, हेडरने गोल होतील. मी भाषांतर केलं. डेरेकनी जे उत्तर दिलं त्यात तीन शिव्या होत्या, एक मालकांच्या बुद्धीला, दोन सर्वसाधारण. मालक माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, “सर कह रहे हैं कि बात नई है, इस पर सोचेंगे.” मालक खूश झाले. त्या आठवड्यात दोन महिने अडकलेली गोलपोस्टची नवी जाळी मैदानावर लागली. मॅनेजर मला म्हणाले, मैडम, आपकी वजह से क्लब चल रहा है. मी घरी जाऊन आईला ते दोनदा सांगितलं.

तिथे सुरुवात झाली. ‘सर कह रहे हैं’ म्हणाले होते मी, ‘मैं’ नाही. नियम मोडला तर जाळी मिळाली. मग मी थोडं थोडं घासून-पुसून द्यायला लागले. मालकांना, मॅनेजरना, पत्रकारांना. क्वचित खेळाडूंनाही. मला वाटायचं की हीच माझी कला. नुसते शब्द पोचवणं काय, कुणीही करेल.

संपतदादा आमचे डिफेंडर. सातारा जिल्ह्यातले, वय एकोणतीस. वडील फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. दहावीपर्यंत गावी आणि मग वडिलांजवळ दिल्ली कँटोनमेंटमध्ये, तिथेच फुटबॉल शिकले. बायको आणि चार वर्षांची मुलगी पालमजवळ भाड्याच्या दोन खोल्यांत. इंग्रजी थोडंफार कळायचं, पण डेरेकचं इंग्रजी आम्हालाच कळत नव्हतं तिथे त्यांची काय कथा. त्यांच्याशी मी मराठीत बोलायचे. मी पाच वर्षांनी लहान, तरी ते मला पहिल्या दिवसापासून ताई म्हणत. आणि चिडवत.

“ताई, तुमचं मराठी सरोजिनी नगरच्या बाजारातनं कपडे आणल्यागत वाटतं. दिसायला चकाचक, पण कुठनं उसवंल सांगता येत नाही.”

मी हसायचे. घराबाहेर माझ्याशी मराठीत बोलणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मला ते चिडवणं हवंसंही वाटे.

त्या वर्षी जानेवारीत त्यांना एका सरकारी खात्याकडून पत्र आलं. खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी. दोन-तीन वर्षं खात्याच्या टीममधून खेळायचं आणि मग टेबल, खुर्ची, पेन्शन. दिल्लीत खेळणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर हेच असतं, बाकी सगळं त्याच्या वाटेवरचं. वयाच्या अटीत बसायचं हे त्यांचं शेवटचं वर्ष. महिनाअखेरपर्यंत हो कळवून रुजू व्हायचं होतं, आणि रुजू व्हायचं तर क्लब सोडायचा. त्यांना दोन्हींचा मोह होता. अजून एक-दोन सीझन मोठ्या मैदानावर खेळायचे होते. म्हणून त्यांनी कोचना भेटायची वेळ मागितली. पुढच्या सीझनला मी तुमच्या टीममध्ये आहे का, एवढंच विचारायचं होतं.

सकाळची वेळ. छतरपूरच्या मैदानावर धुकं इतकं, की लांबचा गोलपोस्ट दिसत नव्हता. सामानाच्या खोलीत डेरेक चेंडूंच्या जाळ्यांमधून येरझारा घालत होते. संपतदादा उलट्या क्रेटवर बसले. आत येताना त्यांनी गुडघ्यावरचा पट्टा काढून ट्रॅकसूटच्या खिशात कोंबला होता. कोचना दिसू नये म्हणून. त्याचं एक टोक खिशातून बाहेर लोंबत होतं आणि माझी नजर तिथून हलेना.

डेरेक थांबले. ते क्वचितच थांबत. ते म्हणाले, “मी तुला पुढच्या सीझनला ठेवत नाहीये. तुझा डावा गुडघा आता वळत नाही. तू चांगला माणूस आहेस आणि नोकरी चांगली आहे. उद्याच जा आणि हो म्हण.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, हे जसंच्या तसं सांग.

आणि मी म्हटलं, “सर म्हणतात, तुमच्या मेहनतीवर ते खूश आहेत. गुडघ्याकडे जरा लक्ष द्यायला हवं. पुढच्या सीझनचं अजून काही पक्कं नाही. नोकरीचाही विचार असू द्या.”

मला खोटं बोलायचं नव्हतं. मला वाटलं, त्यांना कळेल. आमच्या सरकारी कॉलनीत कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही. बाबांच्या बढतीचं, मावशीच्या बदलीचं, अगदी चुलतबहिणीच्या स्थळाचंही ‘अजून काही पक्कं नाही’ असंच उत्तर आलं होतं आणि सगळ्यांनी त्याचा अर्थ बरोबर लावला होता. संपतदादा हसले. उठून डेरेकशी दोन्ही हातांनी हस्तांदोलन केलं. डेरेकनी त्यांच्या चेहऱ्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला आम्ही सामन्यासाठी लुधियानाला निघालो होतो. बसमध्ये संपतदादा माझ्या पुढच्या सीटवर येऊन उलटे बसले आणि म्हणाले, नोकरीला नाही म्हणून कळवलं. घरच्यांशी तीन दिवस भांडण झालं. वडील बोलत नाहीत.

मी कसंबसं विचारलं, का.

“आपल्यातला कुणी साहेब असता ना ताई, तर मी समजून गेलो असतो. पक्कं नाही म्हंजे नाहीच. पर हा गोरा तोंडावर बोलतो. मागल्या वर्षी एका गोलकीपरला सगळ्यांसमोर म्हणाला, तुला ठेवत नाही. मला नाही म्हणायचं असतं तर नाहीच म्हणाला असता की. मंग मी म्हटलं, गुडघा नीट करायचा, बाकी काय.”

त्यांचा हिशोब चोख होता. डेरेकना ते बरोबर ओळखत होते. मध्ये मी आहे, एवढंच त्यांनी धरलं नव्हतं, कारण मी मध्ये असायलाच नको होते. मी खिडकीबाहेर बघितलं. सरसोंची शेतं पिवळी झाली होती. लुधियाना येईपर्यंत त्यांनी मला गुडघ्याचे व्यायाम सांगितले, रोज सकाळी किती आणि संध्याकाळी किती.

पुढचे बारा दिवस मी बोलले नाही. कामाचं बोलले, खूप बोलले. डाव्या बाजूने धावत राहिले. पण मेट्रोत बसले की उतरायचं स्टेशन निघून जायचं. एकदा छतरपूरऐवजी थेट गुडगावला पोचले, एकदा घरी परतताना आयएनए सोडून पुढे जोर बाग. घरी जेवताना मध्येच उठायचे, गॅलरीत जायचे, परत यायचे. आई म्हणाली, तुला त्या गोऱ्याची सवय लागली, स्वस्थ बसवत नाही. सरावाला संपतदादा सगळ्यांच्या आधी येऊन जिना चढ-उतर करत असत. त्या पावलांचे आवाज मोजून मोजून मला पाठ झाले होते.

तेराव्या दिवशी मैदानाभोवती फेऱ्या घालत असलेल्या डेरेकना मी गाठलं आणि त्यांच्या बाजूने चालता चालता सगळं सांगितलं. पाचवी फेरी चालू होती. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब सलग इंग्रजी, आणि त्यातला ‘मी’ माझा होता.

ते ओरडले नाहीत. एक शिवी दिली, छोटी. मग तुर्कस्तानातली गोष्ट सांगितली. तिथल्या क्लबचा दुभाषी मोठा प्रेमळ होता, त्याचं हॉटेल होतं. तिथला कोच काहीही बोलला तरी तो सांगायचा, तुझ्यावर खूश आहेत. डेरेकनी दुसरीकडून आलेला करार नाकारला. आणि एका सकाळी ड्रेसिंग रूममध्ये त्यांच्या खुंटीवर दुसऱ्याच कुणाचा शर्ट लटकलेला होता. “त्या माणसाचा मी अजून तिरस्कार करतो,” ते म्हणाले, “आणि त्याने मला दोन वर्षं फुकट जेवायला घातलं होतं.”

पुढच्या वळणावर ते म्हणाले की अर्धा दोष त्यांचाही आहे. “त्या दिवशी तो हसला. असलं ऐकून कुणी हसत नाही. मला कळलं होतं काहीतरी चुकलंय. पण मला वाटलं, बरं झालं, सोपं गेलं.” मग थांबून म्हणाले की आता मी नाही सांगणार. तू सांग, तुमच्या भाषेत. मी मैदानावरच असेन.

पुढे काय झालं ते आधी सांगून टाकते, कारण ते सांगायला फार नाही. आम्ही तिघं त्या खात्याच्या कार्यालयात गेलो. संपतदादांनी नाकारलेली जागा प्रतीक्षा यादीतल्या दुसऱ्या खेळाडूला गेली होती आणि तो रुजूही झाला होता. अधिकारी सज्जन होते, चहा मागवला, म्हणाले की पुढच्या वर्षी काही निघालं तर देखेंगे, वयाचंही बघू. डेरेकनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नाही म्हणाले. सीझन संपल्यावर संपतदादांना क्लबने सोडलं. आता ते एका खासगी शाळेत खेळाचे शिक्षक आहेत, दर वर्षी नवा करार. डेरेकही त्याच वर्षी गेले, इंडोनेशियाला. दोन्ही सुटकेसी बंद करायला त्यांना वीस मिनिटं लागली. मी आणखी वर्षभर होते, दुसऱ्या कोचबरोबर. त्या सीझनचे उरलेले महिने डेरेकच्या प्रत्येक वाक्यानंतर संपतदादा माझ्याकडे न बघता रेमाकडे बघत. रेमा मान हलवायचा, मग ते पळायला लागत. रेमाने गालीचं विचारणं त्याच सुमारास बंद केलं. मान हलेपर्यंत मी पुढचं वाक्य सुरू करत नसे, एवढं मात्र शिकले.

मला सांगायचं आहे ते त्या तेराव्या दिवसाचं, सराव संपल्यानंतरचं. बाकीचे बसकडे गेले होते. संपतदादा गोललाइनवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होते. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला डेरेक येरझारा घालत होते, आमच्याकडे पाठ करून. मी उभी राहिले. बसावं की नाही ते कळेना.

मी सांगितलं. जानेवारीत सर जे म्हणाले ते मी तुम्हाला सांगितलं नाही. दुसरंच सांगितलं.

त्यांनी नाड्या सोडायचं थांबवलं नाही. एक बूट काढला, मोजा काढला.

“म्हंजे सरांनी तवाच सांगितलं होतं.”

“हो.”

“नोकरी घे म्हणून पण?”

“हो. उद्याच जा म्हणाले होते.”

दुसऱ्या बुटाची गाठ बसली होती. ते ती नखाने उकलत राहिले. मी माफी मागितली, त्यांनी ती ऐकली की नाही कळलं नाही. मग म्हणाले, “माझी काळजी करायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं, ताई?”

आवाज चढलेला नव्हता. खरंच विचारत असल्यासारखे. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण तेव्हाच मला कळलं की वाईट त्यांना नाही, मला वाटणार होतं. समोर बसून मला ते बघावं लागलं असतं.

“सर काय म्हणाले ते जसंच्या तसं म्हणा. काही घालू नका.”

मी म्हटलं. ‘सर म्हणतात’ न लावता.

“मी तुला पुढच्या सीझनला ठेवत नाहीये. तुझा डावा गुडघा आता वळत नाही. तू चांगला माणूस आहेस आणि नोकरी चांगली आहे. उद्याच जा आणि हो म्हण.”

वयाने मोठ्या माणसाला मी आयुष्यात पहिल्यांदा तू म्हणत होते. ते बुटाकडे बघत ऐकत राहिले. संपल्यावरही थोडा वेळ ऐकत असल्यासारखे थांबले, अजून काही येईल म्हणून. मग मान वर केली.

“एवढंसंच होतं होय ते?”

मी मान हलवली.

“परत एकदा म्हणा.”

मी परत म्हटलं.